गायरान मोजणारे पडघान सर

मधुकर पडघान यांच्याबद्दल लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. आधी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी, मग ते निवृत्त झाले तेव्हा, आणि शेवटी ते गेल्यावर. प्रत्येक वेळी मी टाळलं. कधी डोळ्यांचं ऑपरेशन होतं, कधी घरात लग्न होतं. हे सगळं होतंच. पण त्यामुळे लिहायचं राहिलं असं नाही.

त्यांची शोकसभा वाशीमला, आमच्या कॉलेजच्या सभागृहात झाली. अध्यक्ष मीच होतो. बोलणारे चांगलं बोलले. आभार मानायच्या आधी मागच्या रांगेतून त्यांच्या गावचा एक माणूस उभा राहिला. म्हणाला, "सर लय हुशार होते, ते खरं हाय. पन आमचं गायरान त्यायच्याच सहीनं गेलं. तेबी कोनीतरी बोलावं ना." माईक माझ्यासमोर होता. मी म्हणालो, "आता आपण सगळे शांत उभे राहून सरांना आदरांजली वाहू." सगळे उभे राहिले. तो माणूसही राहिला.

गायरान त्यांच्या सहीनं गेलं, हे खरं आहे. ती सही झाली तेव्हा वर काय होतं आणि नंतर तिथला मजकूर कोणी लिहिला, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आता एकालाच माहीत आहे. ते सांगायचंच आहे. पण पडघान सर म्हणजे एवढंच नव्हे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

ते गणित शिकवायचे आणि मी वनस्पतिशास्त्र. ते मेडशीजवळच्या एका लहान गावचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. त्या वस्तीतून कॉलेजात शिकवायला गेलेला पहिला माणूस. अंगानं किरकोळ, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खिशात खडूचा तुकडा. वर्गात असोत की स्टाफरूममध्ये, बोलायचे वऱ्हाडीच. एका प्राचार्यांनी त्यांना शुद्ध बोलायला सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "सर, पोरायले लॉग समजून राह्यला, मंग तुमाले काहून तरास होते?"

झाडझाडोऱ्याशी त्यांचा संबंध माझ्यामुळे आला. आमच्या मुलांचं परिसराचं एक प्रात्यक्षिक असे. मीटरभर बाजूची चौकट जमिनीवर टाकायची आणि तिच्यात वनस्पतींच्या किती जाती आहेत ते मोजायचं. आकडेवारी कशी मांडायची हे मुलांना शिकवायला मी पडघानांना बोलावलं होतं. ते आले, कॉलेजमागच्या पटांगणात उकिडवे बसले आणि चौकटीकडे बघत राहिले.

"सर, हे चौकट दुप्पट मोठी केली त जाती दुप्पट होतीन काय?"

"नाही. थोड्या वाढतील."

"थोड्या म्हंजे किती?"

मी पुस्तकातलं सूत्र सांगितलं. क्षेत्र वाढत जातं तशा जाती आधी भराभर वाढतात, मग सावकाश. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे कोनाच्या जमिनीचं हाय? आपली जमीन आयकते काय याचं, ते पाहू."

त्यानंतर किती रविवार गेले, ते आठवत नाही. त्यांच्या मोटारसायकलवर मागे मी, माझ्या मांडीवर दोरी आणि सायकलच्या जुन्या तारांपासून केलेल्या खुंट्या. त्यांच्या गावचं गायरान हे आमचं मुख्य ठिकाण. मुरमाड जमीन, मध्ये उंचवटे, एका बाजूला पाणी साचणारी खोलगट जागा, अधूनमधून हिवर आणि बोरी. ते आधी हातभर चौकट आखायचे, मग तिच्याभोवती मोठी, तिच्याभोवती आणखी मोठी, असं करत सगळं गायरान दोरीत घ्यायचे. मी नावं सांगायचो, ते लिहायचे. पहिल्या वर्षी त्यांना मारवेल आणि पवन्या या गवतांतला फरकही कळत नव्हता. नाव आठवलं नाही की ते गवताच्या काडीला "हा मांगच्या काडीचाच भाऊ" म्हणायचे.

गवत कापणाऱ्या बाया त्यांना ओळखत होत्या. कोणी वहिनी, कोणी चुलती. त्या लांबून ओरडायच्या, "मधुभाऊ, जमीन मोजून कोनाच्या नावावर करून राह्यला बापा?" हे उत्तर द्यायचे, "गवताच्या!"

संध्याकाळी कॉलेजच्या संगणकावर ते आकडे भरत बसत. संगणकाची खोली बंद करायची वेळ झाली की शिपाई किल्ल्या वाजवत दारात येई. "सर, तुमाले आत ठिवून कुलूप लावू काय?" "लाव बावा," हे मान वर न करता म्हणत, "पन पंखा चालू राहू दे."

त्या काळात त्यांना एक सवय लागली. कोणीही काही ठामपणे म्हणालं की ते विचारायचे, "किती मोठ्या चौकटीत?" यंदा पाऊस चांगला झाला, असं कोणी म्हणालं, की हा प्रश्न. अमुक समाजाची माणसं भांडखोर असतात असं एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी बोललं. पडघानांनी बशीतला चहा संपवला आणि तोच प्रश्न विचारला. बोलणाऱ्याला तो कळला नाही. बाकीच्यांना कळला.

'सरासरी' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. गणिताच्या माणसानं असं म्हणावं याचं मला हसू यायचं. त्यावर ते मला एकदा वाशीमच्या भाजीबाजारात घेऊन गेले. आमच्या घरची भाजी आणायची होती, पण त्यांनी मला दोन-तीनदा नुसतंच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. शेवटी गावाजवळच्या मळ्यातली एक माळीण, जिला सगळे काशीबाई म्हणत, ती वैतागली.

"ओ मास्तर, भाजी घेता का नुसतंच पाहता? मघापासून चकरा मारून राह्यले!"

"मोजून राह्यलो बाई."

"काहून? नगरपालिकेतून आले काय?"

"नाई वो. तुमच्याजवळ किती परकारची भाजी हाय ते पाहतो."

"मंग इचारा ना तोंडानं. वांगे हायेत, पालक हाय, मेथी हाय, सांबार हाय. काय देऊ?"

"बाजूच्या बाईजवळबी हेच हाय."

"तिच्या पालकाले वास येते. माह्या पालकाले येत नाई. लिवून घ्या तसं."

तिनं त्यांना दोन जुड्या सांबार घ्यायला लावला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. तो पिशवीत टाकून ते मला बाजाराच्या शेवटी घेऊन गेले. तिथे पाऊसकाळात रानभाज्या घेऊन बाया बसायच्या. एकीपुढे तरोट्याचा ढीग, दुसरीपुढे कटुले, तिसरीपुढे शेवग्याची पानं. प्रत्येकीपुढे एकच ढीग.

"आता पाहा सर," ते म्हणाले. "काशीबाईच्या दुकानात चार भाज्या. पन एक दुकान पाह्यलं का समदी लाइन पाह्यली. अठी एकीजवळ एकच भाजी. एकीले पाहून तुमी म्हनसान, काय गरीब दुकान हाय! पन लाइन चालून पाहा. दर बाईजवळ निराळी. आता तुमी सरासरी काढसान, दर दुकानी भाज्या किती? काशीबाई चार, अन् ह्या बिचाऱ्या एक. मंग कोनता बाजार मोठा?"

"आणि गायरान?"

"आपलं गायरान अठी बसते," ते त्या बायांकडे बोट दाखवून म्हणाले. एका बाईला वाटलं, गिऱ्हाईक आलं. तिनं कटुल्याचं माप भरायला घेतलं.

हे मी एवढं तपशिलानं सांगतो आहे, कारण पुढे जे झालं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. त्यांच्या गायरानात दोरीच्या कोणत्याही एका लहान चौकटीत मोजक्याच जाती मिळत. पण उंचवट्यावरच्या चौकटीत कुसळ, खोलगट जागेत लव्हाळा आणि माका, बोरीच्या सावलीत आणखी काही, वारुळाजवळ आणखी काही. दोन चौकटी सारख्या निघत नसत. चौकट मोठी करत गेलं की जातींची आलेखावरची रेघ चढतच जाई. पडघान तिला 'उभी रेघ' म्हणत. ती रेघ किती उभी आहे त्यावरून न पाहिलेल्या जमिनीत काय असेल, याचं गणित त्यांनी बसवलं होतं.

ते गणित एकदा सपशेल चुकलं. मेडशीकडच्या मोजणीवरून त्यांनी अनसिंगकडच्या एका पडीत तुकड्याचा अंदाज केला. म्हणाले होते, तिथे फारसं नवीन काही मिळणार नाही. आम्ही गेलो तर जमीनच वेगळी, काळी, भेगाळलेली. आणि मी एकामागून एक नवी नावं सांगत सुटलो. ते लिहून लिहून दमले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"काय सर, मुलगी पास झाली?" कोणीतरी विचारलं.

"नाई. मी नापास झालो." आणि फळ्याकडे जाऊन त्यांनी सगळ्यांना, भूगोलाच्या आणि मराठीच्या माणसांनाही, आपण कुठे चुकलो ते समजावून सांगितलं. एकाच परकारच्या जमिनीवर दोऱ्या तानल्या अन् समद्या जिल्ह्याचं भविष्य सांगाले बसलो, असं ते म्हणाले. आपली चूक सांगताना इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नंतर ते पत्र आलं. त्या गायरानावर सौर प्रकल्प करायचं ठरत होतं. जमीन खरोखर ओसाड आहे का, तिथली वनस्पतींची विविधता किती, याबद्दल एका कार्यालयानं कॉलेजचं मत मागवलं होतं. तिथे मोजणी आम्हीच केलेली, त्यामुळे काम आमच्याकडे आलं. पडघानांच्या वस्तीतल्या बहुतेकांकडे शेती नव्हती. शेळ्या होत्या, आणि शेळ्यांना हे गायरान होतं. वस्तीचं म्हणणं होतं, प्रकल्प पलीकडच्या खडकाळ माळावर न्या. ते मान्य होण्यासारखं होतं. सगळं आमच्या मतावर अडलं होतं.

त्याच वेळी त्यांच्या मुलीचं बाळंतपण नागपूरला अवघड झालं. निघायच्या घाईत ते माझ्या टेबलापाशी आले. मी म्हणालो, "सही करून ठेवा, मजकूर मी टाइप करून घेतो." त्यांनी कोऱ्या कागदाखाली सही केली. "आकडे तुमच्याजवळ हायेतच," म्हणाले आणि गाडी गाठायला गेले.

तेव्हा आमचे प्राचार्य निवृत्त होत होते आणि प्रभारी म्हणून माझं नाव पुढे येत होतं. प्रकल्प यावा असं संस्थेतल्या मोठ्या लोकांना वाटत होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. प्राचार्य फक्त म्हणाले, "लांबण लावू नका. त्यांना एक आकडा हवा आहे." मी सगळ्या लहान चौकटींची सरासरी काढली. आकडा अगदी लहान आला. तो खोटा नव्हता. त्याखाली मी लिहिलं की या जमिनीवर वनस्पतींची विविधता अत्यल्प आहे. हे वाक्य खोटं होतं. मोठ्या चौकटींचे आकडे मी जोडले नाहीत. माझी सही पडघानांच्या सहीखाली केली, कारण मोजणीचं काम मुख्यतः त्यांचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मी प्रभारी प्राचार्य झालो. गायरानाला तारेचं कुंपण पडलं.

गावात काय झालं ते मला पुढे पडघानवहिनींकडून कळलं. ग्रामसभेत कोणीतरी त्या मताची प्रत आणली आणि मोठ्यानं वाचली. पडघानांचे थोरले भाऊ श्यामराव पुढेच बसले होते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच शेळ्या राखून धाकट्याला शिकवलं होतं, आणि शेळ्या याच गायरानात राखल्या होत्या. ते उठले नाहीत. बसूनच त्यांनी विचारलं, "मधू, सही तुही हाय काय?"

"हो दादा."

"वाचून केली होती?"

वहिनी म्हणाल्या, यावर ते काहीच बोलले नाहीत. मला आधी कळेना, की का बोलले नाहीत. मग वहिनी पुढे जे बोलल्या त्यावरून मला कळलं. नोकरी लागल्यापासून पडघान गावात दर सणाला एकच गोष्ट सांगत आले होते. बाया, म्हातारी माणसं, सगळ्यांना. वाचल्याबिगर सही करू नका, अंगठा देऊ नका. आपल्या लोकायचं जे गेलं ते असंच गेलं. त्या माणसाला भर सभेत म्हणता येईना, की मी कोऱ्या कागदावर सही केली. श्यामराव म्हणाले, "आमी शिकलो नाई म्हनून फसलो. तू शिकून आमाले फसवलं." त्यानंतर कित्येक वर्षं ते धाकट्या भावाशी बोलले नाहीत.

ग्रामसभेनंतर पडघान माझ्या खोलीत आले. प्राचार्यांच्या खोलीत, म्हणजे. बसले नाहीत.

"सर, ते वाक्य कोनं लिवलं?"

मी म्हणालो, "आपण दोघांनी."

ते हसले. रागानं नाही, एखाद्या मुलानं फळ्यावर भलतंच उत्तर मांडलं की हसायचे, तसं. "आपन दोघायनं," ते म्हणाले आणि तासाला गेले.

मोजणी त्यांनी सोडली नाही. रविवारी ते एकटेच जाऊ लागले, दुसऱ्या गावांकडे. मला त्यांनी कधी बोलावलं नाही आणि कधी टाळलंही नाही. स्टाफरूममध्ये गवताचं नाव अडलं की काडी माझ्यापुढे ठेवत, मी नाव सांगे, ते "बरं" म्हणत. असं करत दोघंही निवृत्त झालो. मी आधी, ते मागाहून.

सत्तरी ओलांडल्यावर माझी झोप गेली. एकदा सकाळी उठून मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, की तुमच्या दादांना भेटायला येतोय. "काहून?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आल्यावर सांगतो." ते म्हणाले, "मेडशीच्या स्टँडवर उतरा. मी येतो."

स्टँडवर ते उभे होते. केस पूर्ण पांढरे, बाह्या तशाच दुमडलेल्या. गावाकडे जाणाऱ्या ऑटोकडे मी वळलो तर त्यांनी मला हाताला धरून चहाच्या टपरीवर नेलं.

"दादाले काय सांगसान?"

"खरं काय ते."

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. प्यायले नाहीत.

"सर, दादा लय थकला आता. मांगच्या मयन्यात गेलो त म्हने, मधू, जेवून जाय. इतकंच बोलला. किती वर्सानं. मी जेवलो. आता तुमी जाऊन तो विषय काढसान, मंग तो इचारन, इतके दिवस तू मुकाट काहून राह्यला? मंग मी काय सांगू? कोऱ्या कागदाचं सांगू?"

"पण त्यांना तुम्हीच दोषी वाटता."

"जेवून जाय म्हनला ना," ते म्हणाले. "राहू द्या आता."

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. उलट मी सुटलो, असं मला वाटलं, आणि तिथेच त्यांनी मागवलेली भजी मी चवीनं खाल्ली. माझ्या सगळ्या वागण्यात मला आज सर्वांत जास्त लाज त्या भज्यांची वाटते.

पडघानांची माफी मागायची तर होतीच. ती श्यामरावांकडे जाण्यावर अवलंबून नव्हती. मी मनात शब्द जुळवत होतो, तेवढ्यात वाशीमची एस.टी. आली आणि गर्दी दाराकडे धावली. पडघान माझ्याआधी उठले. गाडीला वळसा घालून गेले, पंजांवर उभं राहून खिडकीतून एका सीटवर आपला रुमाल टाकला आणि आत चढलेल्या माणसाला ओरडले, "ओ भाऊ, मानूस हाय तठी! म्हातारा हाय, येऊन राह्यला!"

मी चढलो. रुमाल उचलून सीटवर बसलो. ते खिडकीखाली आले. ऊन तोंडावर येत होतं म्हणून त्यांनी कपाळावर हात धरला होता.

"पडघान सर," मी म्हणालो.

"हो, बोला."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. ते दोन पावलं गाडीबरोबर चालले.

"तुमचा रुमाल राहिला," मी म्हणालो.

"राहू द्या तुमच्याजवळ," ते म्हणाले. "आरामात जा." आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत तसेच, कपाळावर हात धरून उभे राहिले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मला म्हणायचं होतं: पडघान सर, ते वाक्य आपण दोघांनी लिहिलं नाही. मी एकट्यानं लिहिलं. लिहिताना ते खोटं आहे हे मला कळत होतं, कारण ते तुम्हीच मला शिकवलं होतं. मला माफ करा.